ग्रँटांचा ढोल वाजवला कुणी?

मित्रांनो, माझं एका बाजूचं कातडं फाटलं आहे, पण दुसऱ्या बाजूचं अजून ताठ आहे. तेवढ्या बळावर मी, ऑल्डरफर्ड गावचा जुना ढोल, आज बोलणार आहे. मला कुणी गप्प करून दाखवावंच!

पिंपं बनवणाऱ्या एका कारागिराने लाकडाची पातळ फळी वाफेवर वाकवून मला घडवलं आणि ग्रँटांच्या घरी दिलं. तेव्हा आमच्या प्रार्थनाघराला घंटा नव्हती. रविवारी माझ्या आवाजावर माणसं देवाच्या दारी जमत. काय सांगू त्या स्तोत्रांची गोडी! एक जण ओळ सांगायचा, सारं गाव ती उचलून धरायचं, आणि कोपऱ्यात पडल्या पडल्या माझंही कातडं थरथरायचं. मला वाजवायचा टायटस. मी ग्रँटांच्या मालकीचा होतो आणि टायटसही. हो, माणूस असून!

मग एप्रिलमधली ती पहाट आली. इंग्रज राजाचे शिपाई पुलाकडे निघाल्याची बातमी येऊन थडकली. घाईत टायटसला माझी एकच काठी सापडली. त्याने मक्याच्या लापशीतला लाकडी डाव उचलला आणि मला गळ्यात घालून धावत सुटला. एक ठोका खणखणीत, एक बोदा! गाव उठलं, पूल राखला.

तीस वर्षं गेली. देश स्वतंत्र झाला, मागून टायटसही गुलामीतून सुटला आणि कुंपणं घालून पोट भरू लागला. घंटा आली, तशी माझी रवानगी प्रार्थनाघराच्या माडीवर झाली. आमच्याकडे बसण्याची जागा मानाप्रमाणे ठरे. पहिल्या बाकांवर बडी मंडळी, मागे शेतकरी, आणि माडीवर काळी माणसं. त्यामुळे दर रविवारी टायटस माझ्याशेजारीच बसे.

आमचे पाद्री अमोस थॅचर मोठ्या मनाचे. त्यांचं प्रवचन म्हणजे अर्धं गाणंच. एकदा ते म्हणाले, “आपला देश अजून लेकरू आहे. आपण कोण, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. मी गावाचा इतिहास लिहितो.” आणि दौत घेऊन ते बाकाबाकाशी गेले. दुसऱ्या बाकावरच्या मर्सीआजींनी सांगितलं, “त्या दिवशी ढोल लंगडत वाजला होता.” म्हातारपणाचा भ्रम समजून त्यांनी ते सोडून दिलं. शेवटच्या बाकापाशी त्यांनी दौत बंद केली. माडीला अकरा पायऱ्या होत्या. त्या काही ते चढले नाहीत.

हस्तलिखित छापायला धाडण्याआधी स्वातंत्र्यदिनी त्यांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. “...आणि ग्रँट घराण्याचा ढोल कप्तान लेम्युएल ग्रँट यांच्या हातून गर्जला!”

पहिल्या बाकावर कप्तानांनी नम्रपणे मान खाली घातली. माझं एक कातडं फाटलं ते बहुधा तेव्हाच.

“थांबा, पाद्रीबाबा,” माडीवरून टायटस म्हणाला. “त्या पहाटे कप्तानसाहेब मामाच्या गावी होते.”

“खाली बस, टायटस!” कप्तान गरजले. “ढोल कुणाचा होता?”

“तुमचा.”

“आणि तू कुणाचा होतास?”



“तुमचाच, कप्तानसाहेब. हात मात्र माझे होते.”

पाद्रीबाबांनी कपाळ पुसलं. “पण टायटस, एकदा छापलं की ते आमच्या नातवंडांनी खरं मानायचं. तुझ्याकडे पुरावा काय?”

“बाहेर जेवणाची तयारी चाललीय ना? एक डाव द्या.”

“लापशी ढवळतोस की काय?” कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

टायटस मला घेऊन खाली उतरला. एका हातात काठी, एका हातात डाव. खणखणीत, बोदा. खणखणीत, बोदा. हसू विरलं.

“अगं बाई!” मर्सीआजी ताडकन उठल्या. “हाच तो! याच ठोक्यावर माझा लेक जोसाया एकाच पायात बूट घालून पळाला आणि परत आलाच नाही. अहो कप्तान, देवाच्या घरात तरी खोटं श्रेय घेऊ नका!”

“मी कुठे खोटं...” कप्तान पुटपुटले. “आमच्या घरात असंच सांगत आलेत.”

पाद्रीबाबांनी ती ओळ खोडली. वर टायटसचं नाव लिहिलं. मग दौत उचलून जिन्याकडे वळत त्यांनी विचारलं, “माडीवर आणखी कोण कोण आहे?”

“या ना,” टायटस म्हणाला. “अकराच तर पायऱ्या आहेत!”

मित्रांनो, आज मी काचेच्या कपाटात आहे. समोर चिठ्ठी आहे : ‘ग्रँट घराण्याचा ढोल’. पाद्रीबाबांचं पुस्तक कुणी वाचेनासं झालं आणि कुणीतरी पुन्हा जुनंच नाव लावलं. लावू देत! माझ्यावरची धूळ पुसा, अशी विनवणी मी करणार नाही. चिठ्ठी वाचा आणि मोठ्याने विचारा, वाजवला कुणी? आणि उद्या तुमच्या गावाची गोष्ट लिहाल, तेव्हा दौत बंद करण्याआधी माडी चढा.