घामोळं

"घामोळं आहे ते," गुप्तेसाहेब म्हणाले. म्हणताना त्यांनी मालनकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलावरच्या पंख्याने कागद उडत होते, ते पेपरवेटखाली दाबण्यात त्यांचं लक्ष होतं. "मे महिना आहे, सिस्टर. अख्ख्या मुलुंडला घामोळं आलंय. मलाही आलंय. मी बसलोय का घरी?"

मालन ऑफिसच्या दारातच उभी होती. आत जायचं नाही, हे तिनं जिना उतरतानाच ठरवलं होतं. अंग असं ठणकत होतं की कुणी रात्रभर खलबत्त्यात घालून कुटलंय. मानेवर, केसांच्या कडेला दोन फोड होते. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब बसावा तसे नितळ, टच्च. तिसरा युनिफॉर्मच्या पट्ट्याखाली, तो सकाळी अंघोळ करताना हाताला लागला होता.

"साहेब, माझ्या नंदूला कांजिण्या येऊन गेल्या. मला लहानपणी आल्या नव्हत्या. मी तेव्हाच येऊन सांगितलं होतं, मला बाळांच्या खोलीतून काढा म्हणून."

"मुलाच्या कांजिण्या मुलाला. तुम्ही काय त्याच्या वाटणीच्या घेणार?" आपल्याच बोलण्यावर साहेब हसले. "आज बाळांच्या खोलीत दुसरं कोण आहे? सांगा ना, कोण आहे?"

कोणी नव्हतं, हे खरं होतं. ट्रस्टच्या त्या प्रसूतिगृहातल्या दोन सिस्टर दिवाळीत कुवेतला गेल्या, संक्रांतीनंतर एक सौदीला. त्यांच्या जागी माणसं घ्यायची सोडून त्यांचं काम उरलेल्यांच्या डोक्यावर वाटून टाकलं. खर्च वाचला म्हणून ट्रस्टच्या सभेत व्यवस्थापक गुप्तेसाहेबांना शाल-श्रीफळ मिळालं. तेव्हापासून तिथे आजारी पडणं ही नर्सची खोड समजली जाई. कुंदा सिस्टर मलेरियानं कापत होती, तर तिला म्हणाले, कापताय तर कापत कापत इंजेक्शनच्या सुया उकळायला ठेवा, तेवढीच ऊब. कुंदा हे सगळ्यांना हसून सांगायची. मालनला त्याचं कधी हसू आलं नव्हतं.

साहेबांनी नव्या डॉक्टरांना बोलावलं. पोरसवदा माणूस, पहिलीच नोकरी. त्यानं मालनची मान पाहिली आणि एकदम एक पाऊल मागे सरला.

"घामोळं ना, डॉक्टर?" साहेबांनी विचारलं.

डॉक्टरनं पुन्हा एकदा मालनच्या मानेकडे पाहिलं.

"नाही म्हणजे, तुम्हाला वेगळं काही वाटत असेल तर बोला. मग वॉर्ड बंद करावा लागेल, ट्रस्टींना फोन करावा लागेल. तुम्हीच करा तो फोन."

"वाटतंय... तसंच," डॉक्टर म्हणाला. त्याचे कान लाल झाले. त्यानं चिठ्ठीवर घामोळं लिहिलं आणि मालनच्या नजरेला नजर न देता निघून गेला. त्याला कळलं होतं. तो मागे सरला होता, ते मालननं पाहिलं होतं. अज्ञानाचा राग येत नाही, तिला वाटलं. अज्ञानाला शिकवता येतं. या मागे सरणाऱ्या पावलाचं काय करायचं?

"चला, ड्युटीवर. आणि गेलात घरी, तर परत येऊ नका. नाव कमी करीन."

मालन वर आली, पण बाळांच्या खोलीत गेली नाही. वॉर्डाबाहेरच्या उघड्या गॅलरीत, अगदी टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन उभी राहिली. तिथून काचेतून आतलं दिसायचं. शकुची मुलगी कोपऱ्यातल्या उबेच्या पेटीत होती. भांडुपची शकु, आधीची दोन पोटातच गेलेली. ही सातव्या महिन्यातच घाईनं बाहेर आली, कबुतराच्या पिल्लाएवढी. मालन तिला ड्रॉपरनं दूध पाजायची, थेंब, थांब, थेंब. पाजताना ती पोर मालनच्या करंगळीचं टोक धरून ठेवायची. नखंसुद्धा अजून नीट आलेली नाहीत, पण धरायचं मात्र घट्ट. आईच्या अंगातली रोगापासूनची राखण शेवटच्या महिन्यांत बाळात उतरते, हे मालन शिकली होती. या पोरीनं तेवढी वाटच पाहिली नव्हती.

परवा मालनला नुसती कणकण होती. तेव्हाही ती खाली जाऊन म्हणाली होती, मला घरी जाऊ द्या. एक गोळी घ्या, साहेब म्हणाले होते. तिनं गोळी घेतली होती, आणि वर येऊन पोरीला पाजलं होतं. काल तिची आठवड्याची सुट्टी होती.

सोनूबाई आया बादली घेऊन आली. मालवणची बाई, जीभ तिखट. तिनं लांबूनच मालनची मान न्याहाळली आणि बादली खाली ठेवली.

"गो बाय माझ्ये! ह्यां घामोळां? घामोळ्याक असा पाणी धरता? देवी इली हा ती."

"देवी-बिवी काही नाही, मावशी. विषाणू असतात."

"असतीत. पण इले मां?"

आतून कुंदा सिस्टर फडक्याला हात पुसत दारात आली. तिच्या नाकावर लहानपणच्या कांजिणीचा वण होता. "तू आत येऊ नको गं. बाळांचं मी बघते. मला येऊन गेल्यात, माझं काही होत नाही."

"आणि बायांचा वॉर्ड?"

"बायांचा वॉर्डही मीच बघते. दोन हातांनी दोन वॉर्ड. चार असते तर साहेबांनी स्वयंपाकघरही दिलं असतं."

मालनला वाटलं, निघून जावं. नाव कमी करतो तर करू दे. पण ती गेली की काय होईल, हे तिला दिसत होतं. मालन सिस्टर कामचुकार, घामोळं आलं म्हणून पळाली, एवढंच उरेल. परवा तिनं कोणाकोणाला हात लावलाय, हे कोणी विचारणार नाही. बाळंतिणी पोरं घेऊन घरी जातील आणि अंगावर पहिला फोड उठला तर तिथेही कोणीतरी म्हणेल, उन्हाळा आहे, पावडर लावा.

म्हणून तिनं गॅलरीतूनच, तोंडाला रुमाल लावून, दाराजवळच्या खाटांवरच्या बायांना हाक मारून सांगितलं. मला कांजिण्या आल्यात, परवा मी या बाळांजवळ होते, लक्ष ठेवा. बाया उठून बसल्या. पण तेवढ्यात साहेब स्वतः वर आले. हातात डॉक्टरची चिठ्ठी.

"काही घाबरू नका. डॉक्टरांनी तपासलंय. घामोळं आहे. सिस्टरना जरा सुट्टी हवी आहे, बाकी काही नाही." आणि मालनकडे वळून, हळू आवाजात, "बाळांच्या खोलीत नको ना? ठीक. बायांच्या वॉर्डात उभ्या राहा. नाटकं पुरे. चार वाजता लोक भेटायला येतील, मला इथे गोंधळ नकोय."

बाया परत आडव्या झाल्या. एकीनं तर कीव केल्यासारखं म्हटलंही, "सिस्टर, मुलतानी माती लावा हो, उतरतं."

मालनच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. तापाची की रागाची, तिला सांगता आलं नसतं. डॉक्टरच्या एका खोट्या शब्दापुढे तिची सगळी वर्षं, सगळं शिक्षण, रात्र रात्र जागून पाठ केलेली रोगांची लक्षणं, सगळं मुलतानी माती झालं होतं.

ती मागच्या जिन्यानं खाली उतरली. पाण्याच्या टाकीजवळ कडुलिंब होता.

परभणीकडच्या गावात मालनचे वडील, धोंडिराम, यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव परातीत भरून नदीत नेऊन सोडले होते. पुढे मालनच्या मोठ्या बहिणीला कांजिण्या आल्या. मालनला मामाकडे धाडलं होतं, म्हणून ती तेवढी सुटली. तेव्हा आत्यानं दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधला, फोडणी बंद केली, देवीला दहीभात ठेवला. वडील शेतावरून आले, त्यांनी तो डहाळा ओढून काढला आणि अंगणाबाहेर भिरकावला. "हा ताप आहे. तापाला औषध असतं, नवस नसतो." आत्या आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्याच माणसानं पुढे बैल विकून लेकीला नर्सिंगला घातलं.

त्या माणसाच्या लेकीनं आता टाचा उंच करून कडुलिंबाचा डहाळा मोडला. मोडताना तिचे डोळे भरून आले. दुःखानं नव्हे. संतापानं. गावात एक माणूस जे खोटं म्हणून फेकून देतो, तेच मुंबईत खऱ्याची ग्वाही द्यायला उचलून आणावं लागतं, याचा संताप.

वर येऊन तिनं बँडेजची पट्टी फाडली आणि डहाळा वॉर्डाच्या दारावर, वरच्या कडीला, घट्ट बांधला. मग परत गॅलरीच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

सोनूबाईनं हात जोडले. कुंदा बघतच राहिली. "मालन, तू? अगं, तू तर..."

"हो, मी."

चारला लोक यायला लागले. पहिली आली ती एक सासूबाई, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, नवं झबलं. दाराशी येऊन अशी थबकली, जणू उंबऱ्यात साप पाहिला. पायातल्या चपला आपोआप निघाल्या.

"अगं बाई! कोणाला आल्यात?"

"मला," मालन लांबून म्हणाली.

"सिस्टर, तुम्हाला? मग तुम्ही इथं काय करताय?"

"साहेब सोडत नाहीत."

बाईनं डबा छातीशी धरला. मागून येणाऱ्याला हातानंच अडवलं. त्यानं त्याच्या मागच्याला. कपातला चहा निवेपर्यंत जिना भरला, आणि जिन्यावरच्या प्रत्येकाला एकच गोष्ट कळलेली होती. कोणी चिठ्ठी मागितली नाही. कोणी विचारलं नाही की डॉक्टर काय म्हणाले. पाला सगळ्यांना वाचता येत होता.

"ओ, आमची बाई आत हाये, बाहेर काढा तिला."

"सिस्टरला ताप असून राबवतात? काय माणसं हायेत की कोण!"

"अहो, आमच्या बारक्याला परवा हिनंच अंघोळ घातली."

गुप्तेसाहेब धापा टाकत वर आले. "काय आहे हे? कोणी बांधलं? दशरथ! काढ ते."

दशरथ वॉर्डबॉयनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "साहेब, मला काय पण सांगा. ह्ये नाय. घरी पोरं हायेत माझ्या."

साहेबांनी स्वतःच हात वर केला. सगळा जिना त्या हाताकडे बघत होता. हात डहाळ्याच्या वीतभर अलीकडे थांबला, जरा घुटमळला, आणि खिशात गेला. रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं.

"शिकलेली बाई तुम्ही," ते मालनवर ओरडले, "आणि ही अंधश्रद्धा!"

"शिकलेली आहे म्हणून सकाळी तुमच्या दारात आले होते," मालन म्हणाली. घसा फाटला होता, तरी आवाज जिन्याच्या तळापर्यंत गेला. "तिथे शिकलेलंच बोलत होते. तुम्ही म्हणालात घामोळं. आता का नाही म्हणत? म्हणा ना. काढा तो पाला आणि म्हणा यांच्यासमोर."

साहेबांनी रुमाल खिशात कोंबला.

"घरी जा," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. बऱ्या झाल्याशिवाय येऊ नका." आणि गर्दीकडे वळून, "आम्ही सिस्टरना सुट्टी दिलेलीच आहे." हे बोलतच ते जिना उतरायला लागले. दिलेलीच आहे! कुंदानं कपाळावर हात मारला.

मालनला सुट्टी मिळाली होती. नंदू शेजारणीकडे वाट बघत होता. तरी ती हलली नाही. कारण वॉर्डाच्या दारात, भिंत धरून, शकु येऊन उभी राहिली होती. तिच्याही कपाळावर कांजिण्यांचे जुने वण होते.

"सिस्टर, परवा माझ्या पोरीला तुम्हीच पाजलंत ना?"

"हो."

"तवा होतं तुमच्या अंगात?"

मालनला खोटं बोलता आलं असतं. आज दिवसभर सगळे बोललेच होते. "फोड नव्हते. कणकण होती. पण फोड यायच्या आधीच हे लागतं दुसऱ्याला."

"म्हणजे पोरीला लागलं असंल?"

"असेल. नसेलही. तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल. एक जरी फोड दिसला तर इथं थांबायचं नाही, लगेच मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. कोणी काहीही म्हणू दे."

शकु काचेशी सरकली. तिनं काचेतून आत पाहिलं, मग मालनकडे.

"तुमाला पोर हाय ना?"

"आहे. दोन वर्षांचा."

"मग परवाच नाय म्हणायचं होतं."

"म्हटलं होतं गं. खाली जाऊन म्हटलं होतं. गोळी घ्या म्हणाले." मालनचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "मी घेतली. मी तेव्हाच हा जिना चढायला नको होता."

"कोण म्हणालं गोळी घ्या?"

मालननं जिन्याकडे पाहिलं. साहेबांचं टक्कल अर्ध्या जिन्यावर पोचलं होतं. लोक बाजूला होऊन त्यांना वाट देत होते.

शकुनं पोटाला बांधलेलं फडकं आवळलं. दोन्ही हातांनी पदर खोचला. अजून तिला नीट चालता येत नव्हतं, ती कठड्याला धरून, एकेक पायरी आडवं पाऊल टाकत निघाली, आणि तिच्यासमोर जिन्यावरची माणसं आपोआप दुभंगत गेली.

"ओ साहेब, थांबा तिथंच! खाली कुठं चाललात? माझी पोर वर हाये. या, बघा तिला. तीन आठवडं रोज यायचं, अन् रोज तिचं अंग बघून मला सांगायचं. नाय आलात तर मी येईन न्यायला."

गुप्तेसाहेबांचा एक पाय वरच्या पायरीवर होता, एक खालच्या. शकु उतरतच होती.