गवत राखणारे खुरपे

मित्रांनो, मी एक जुने खुरपे आहे. सोनाळ्याला वच्छलाबाईंच्या घरी, पडवीच्या वळचणीला खोचलेले मी तुम्हाला दिसेन. माझे पाते अर्धे झिजले आहे आणि मुठीला भेग पडली आहे. मला पाहून कोणी म्हणणार नाही की हे विमानातून परदेशी जाऊन आले आहे. शेजारच्या कुऱ्हाडीला तर ती थाप वाटते. वाटू दे बापडीला.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. मोडलेल्या ट्रकच्या कमानीचा तुकडा तापवून, ठोकून त्याने मला घडवले आणि बाभळीची मूठ बसवली. आठवडी बाजारात वच्छलाबाईंनी बाकीची खुरपी हातात तोलून खाली ठेवली आणि मला घेतले. त्याचा मला बरेच दिवस तोरा होता. बाईंचा नवरा वारला होता. सातपुड्याच्या पायथ्याचे आपले वावर त्या स्वतःच पाहत होत्या. पावसाळ्यात कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात बसून आम्ही निंदण करायचो. गवत दिसले की मुळासकट काढायचे, एवढेच मला ठाऊक होते. वच्छलाबाईंच्या वावरात गवताची काडी सापडायची नाही, असे आयाबाया म्हणत, तेव्हा मला माझ्या धारेचा अभिमान वाटे.

बाईंना गोकुळ नावाचा एकच मुलगा. तो नांदुऱ्याला रोपवाटिकेत कामाला होता. तिथेच त्याला कोणीतरी जपानमधल्या नोकरीचे सांगितले. एके दिवशी तो घाईघाईने घरी आला.

"माय, मले जपानले काम भेटलं. गोल्फच्या मैदानावर. गवताचं काम हाय."

"गवताचं?" बाई हसल्या. "मंग त्यात काय शिकाचं हाय? माहं खुरपं घेऊन जाय. तिकडलं कसं राह्यते, कोनाले ठाव."

गोकुळही हसला, पण आईचा शब्द मोडवेना म्हणून त्याने मला जुन्या लुगड्यात गुंडाळून बॅगेत तळाशी ठेवले. तो निघाला त्या दिवशी बांधाशेजारचे भगवंतराव ओट्यावर येऊन बसले. "वहिनी, पोरगं चाललं. आता वावर मले देऊन टाका बटईनं, अर्धं पीक तुमचं. तुमच्यानं होनार हाय का हे?"

"तीन वर्साची तं गोष्ट हाय, भाऊ. मंग गोकुळच करीन. तोवर मी हाय ना!"

"हो काका," गोकुळ म्हणाला, "मी आलो की वावर मीच पाहीन."

मुलाच्या या एका शब्दावर बाईंनी वावर आपल्या हाती धरून ठेवले. गुडघे दुखत होते, पण त्यांनी कोणाचे ऐकले नाही. तो शब्द टिकतो की नाही, याचीच ही गोष्ट आहे, मित्रांनो.

तिकडे पोहोचलो तेव्हा झाडांना पान नव्हते आणि फांद्या नुसत्या फुलांनी भरल्या होत्या. डोंगरउतारावर जिकडेतिकडे गवत. गवत म्हणजे किती? आमच्या सगळ्या शिवारात मावणार नाही इतके. मला वाटले, आता आपले काही खरे नाही, जन्मभर काढले तरी हे संपायचे नाही. पण तिथले मुकादम मोरितासाहेब यांनी खाली बसून दाखवले की गवत सोडून बाकीचे सगळे काढायचे. रुंद पानाचे जे काही उगवेल ते तण, आणि गवत तेवढे पीक! मी चक्रावून गेले. ज्याच्याशी मी जन्मभर वैर केले, त्याचीच राखण आता मला करायची होती.

गोकुळ मात्र लवकर शिकला. बाकीच्यांकडे तण उपटायचे दुतोंडी काटे होते, पण मूळ सबंध काढायला मीच बरे पडे. मोरितासाहेबांनी एकदा माझ्या धारेवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. परक्या मुलखात झालेले ते माझे पहिले आणि शेवटचे कौतुक.

मग पाऊस आला. रोज बारीक, कंटाळवाणा. पाऊस पडतो आहे आणि कोणी काही पेरत नाही, हे मला आणि गोकुळला दोघांनाही चमत्कारिक वाटे. त्यानंतर घामट उन्हाळा आला, आणि पावसानंतर उन्हाळा येतो हे पाहून तर माझे सगळे गणितच चुकले. पुढे झाडे लाल झाली आणि पाने गळू लागली. गोकुळ दिवसभर गवतावरची पाने गोळा करायचा. संध्याकाळी खोलीवर आला की आईला फोन करायचा. पण हळूहळू त्याच्या बोलण्यात कपाशी कमी आणि गवतच जास्त येऊ लागले. मला ते खटकायचे.

आणि हिवाळा आला. हिरवेगार गवत बघता बघता पिवळे पडले, वाळल्या कडब्यागत झाले. गोकुळचा जीव कासावीस झाला. आपल्याकडे कडाक्याची थंडी पडली की गहू-हरभऱ्याला संध्याकाळी पाणी देतात, म्हणजे पीक तगते. त्याने तेच केले. दिवस मावळताना, चेंडू घालवायच्या भोकात रोवलेल्या झेंड्याजवळच्या तुकड्यावर त्याने नळी धरून पोटभर पाणी सोडले. कोणाला विचारले नाही. मायेने केलेल्या कामाला विचारायचे काय, असे त्याला वाटले असेल.

सकाळी तिथे काचेसारखा बर्फ होता. मोरितासाहेब ओरडले नाहीत. त्यांनी तुकड्याभोवती दोरी बांधली, मग दोन्ही तळहात जोडून गालाखाली धरले आणि डोळे मिटले. गवत मेले नव्हते, झोपले होते! गोकुळला ते आता कळले. झोपलेल्या गवताला त्याने बर्फात कोंडले होते.

त्याची संक्रांतीची सुट्टी मंजूर झाली होती. आईने तीळ भाजून ठेवले होते. त्याने फोन लावला.

"माय, मी आता येत नाही. हे गवत जितं झालं की मंगच येईन."

"गवतासाठी राह्यला तू?" बाई म्हणाल्या. "अरे, घरी मी बी हाय ना!"

"हाव, माय. पुढच्या साली पक्कं."

वसंतात त्या तुकड्यातून कोवळे पाते वर आले, तेव्हा गोकुळने त्यावरून असा हात फिरवला की मला बाईंची आठवण आली. लहानपणी त्याच्या डोक्यावरून त्या असाच हात फिरवत. त्यानंतर पुढचे सालही गेले आणि त्याच्या पुढचेही. दर हिवाळ्यात काही ना काही निघे. फुले आली, पाऊस आला, पाने लाल झाली, बर्फ पडला आणि तो तिथेच राहिला. तीन वर्षे कधीच उलटून गेली होती. मीही हळूहळू खोक्यात पडून गंजू लागले, कारण आता त्याला तिथल्या काट्याची सवय झाली होती.

शेवटी तो मला घेऊन आला, तो ऐन निंदणाच्या दिवसांत. कपाशी वीतभर झाली होती. बाई वाकल्या होत्या, पण तोंडावर असे तेज की विचारू नका. दुसऱ्याच दिवशी मायलेक वावरात गेले. बाईंनी मला दगडावर घासून त्याच्या हातात दिले आणि शेजारचे तास धरले. मीही खूश होते. इतक्या वर्षांनी आपल्या काळ्या मातीत आले होते मी!

बोलता बोलता काम चालले होते. गोकुळ तिकडच्या बर्फाचे सांगत होता. बाई हुंकार देत होत्या. एकदम त्यांचा हुंकार थांबला. त्यांनी मागे वळून पाहिले. गोकुळच्या मागे कपाशीची रोपे उपटून पडली होती, एकामागून एक, मुळासकट, अगदी सफाईने. गवत जिथल्या तिथे उभे होते आणि गोकुळचा डावा हात त्यावरून हळुवार फिरत होता.

"गोकुळ!"

त्याने खाली पाहिले. एक रोप उचलून तो पुन्हा मातीत खोचू लागला. "हात चुकला, माय. बोलता बोलता चुकला."

बाईंनी माझ्यासकट त्याचा हात धरला. "राहू दे, बापू."

"माय, मी शिकीन पुन्हा."

"तुले येत नाही असं नाही रे. तुहा जीव तिकडं लागला. मले उगाच वाटत होतं का तू इकडचा हायस." त्या रागावल्या नव्हत्या, म्हणूनच ते फार वाईट होते. संध्याकाळी त्या स्वतः भगवंतरावांच्या घरी गेल्या आणि वावर बटईने देऊन आल्या. गोकुळ ओट्यावर डोके धरून बसला होता. त्याने थांबतो म्हटले नाही. महिनाभरात तो जपानला परत जायला नांदुऱ्याहून गाडीत बसला, आणि या वेळी त्याच्या बॅगेत मी नव्हते.

मित्रांनो, लोखंडाचा गंज दगडावर घासला की निघतो, तेव्हा माझी काळजी करू नका. पण तुमची वाट पाहत कोणी वावर धरून बसले असेल, तर त्याला पुढच्या सालाचा वायदा देऊ नका. माणूस परत येतो हो, पण उशिरा आला तर नुसता पाहुणा होऊन येतो.

आता वावरात भगवंतराव तणनाशक फवारतात, माझे तिथे काम नाही. या पावसाळ्यात आमच्या अंगणात गवत माजले. काल बाईंनी मला वळचणीतून काढले आणि गवतापुढे बसल्या. मी सरसावले होते. पण त्यांनी मला बाजूला ठेवून दिले, घरातून पाण्याचा तांब्या आणला आणि गोकुळला फोन लावला.

"गोकुळ, अंगनात तुहं गवत आलं रे. मी पानी देऊन राह्यली त्याले."