दोनच पेपर राहिले

माझ्या नाकावर राग असतो, असं माझी बायको वीणा सगळ्या गल्लीला सांगत सुटायची. त्यात खोटं काही नव्हतं. बेंगळुरात बोम्मसंद्राच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मी मालाच्या तपासणीला आहे. केसाएवढा फरक दिसला तरी पार्ट परत पाठवायचा, हेच काम. घरीही तीच खोड. आमटीत मीठ कमी लागलं की मी वाटी बाजूला सारायचो. वीणा म्हणायची, "रिजेक्टचं लेबल तेवढं लावा की वाटीला." आणि हसत मीठ वाढायची.

सिद्धी आमची एकुलती एक. दीड वर्षापूर्वी तिला मंगळूरच्या बाहेर, अगदी समुद्राला लागून असलेल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात सीट मिळाली. बेंगळुरात ढिगानं कॉलेजं असताना पोरीला साडेतीनशे किलोमीटर लांब कशाला धाडायचं, असं माझं म्हणणं होतं. वीणापुढे ते चाललं नाही. ती निपाणीची. बारावीच्या गणिताच्या पेपराला बसली असताना तिकडे घरी तिचे वडील गेले. चुलत्यानं थेट वर्गात येऊन तिला बाकावरून उठवलं. निम्मा पेपर तसाच टाकून ती गेली आणि पुन्हा कधी परीक्षेला बसली नाही. पुढच्या वर्षी लग्न होऊन माझ्या घरी आली. त्यामुळे पोरीच्या शिक्षणाचा विषय निघाला की घरात तिचा शब्द शेवटचा.

सिद्धीला सोडायला आम्ही दोघं गेलो होतो. वीणानं तोवर समुद्र पाहिला नव्हता. भर बारा वाजता, टळटळीत उन्हात, साडी गुडघ्यापर्यंत धरून ती पाण्यात उभी राहिली आणि बाहेर यायला तयार नाही. मी सावलीतून हाका मारून थकलो. "ऊन म्हणतात ते ह्येला," ती म्हणाली. "आपल्याकडे सूर्य नुसती सही करून जातोय." त्यानंतर रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. जेवलीस का, झोपलीस का, हे झालं की शेवटी ठरलेलं, "समुद्र दाखव." सिद्धी हॉस्टेलच्या गच्चीवरून फोन फिरवायची. मला त्यात निळी पट्टी सोडून काही दिसायचं नाही. वीणाला काय दिसायचं कोण जाणे, पण ती पाच-पाच मिनिटं बघत बसायची.

यंदा दिवाळी करून सिद्धी परत गेली आणि आठ दिवसांत वीणाचे डोळे पिवळे झाले. कावीळ असेल म्हणून गेलो, तर मोठ्या दवाखान्यात स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. लिव्हरपर्यंत पसरलेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दोन-तीन महिने सांगितले. वीणा काही बावळट नव्हती. रिक्षात बसल्या बसल्या तिनं माझ्याकडून सगळं काढून घेतलं. रडली नाही. हेब्बगोडीच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाली, "जानेवारीत सिद्धीची परीक्षा हाय. ती होईपर्यंत तिला एक अक्षर सांगायचं नाही."

"अगं, पण..."

"पण नाही आणि बिण नाही. मला उठवलं तसं माझ्या पोरीला कुणी उठवायचं नाही. माझी शपथ हाय तुम्हाला."

मी शपथ घेतली. एकदा घेतली म्हणजे घेतली, असला माझा स्वभाव.

व्हिडिओ कॉल बंद केले. नवीन फोनचा कॅमेरा बिघडलाय, अशी थाप मी मारली. सिद्धीनं जास्त खोदून विचारलं नाही, याचं मला तेव्हा बरंच वाटलं. डिसेंबरात तिनं परीक्षेचं वेळापत्रक पाठवलं. पाच पेपर. मी ते कॅलेंडरवर उतरवून घेतलं आणि कॅलेंडर वीणाच्या पलंगासमोर टांगलं.

जानेवारी लागला. बाहेर ढगाळ, गार हवा. खोलीत औषधांचा वास. वीणाचं निम्मं वजन उतरलेलं. पेपरच्या दिवशी दुपारी एकला मी फोन लावायचो.

"कसा गेला गं?"

"चांगला गेला की, पप्पा."

"सगळे प्रश्न सोडवलेस?"

"हो. आई कुठाय?"

"शिवलीला अक्कांबरोबर देवळात गेलीय."

वीणा दोन हातांच्या अंतरावर पडलेली असायची, खोकला ऐकू जाऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरून. फोन ठेवला की मी कॅलेंडरवर काट मारायचो आणि ती बोटं वर करायची. चार राहिले. तीन राहिले. तिसऱ्या पेपरला तिच्यात बोटं उचलायचीही ताकद नव्हती. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी म्हटलं, "दोन."

शिवलीला अक्का खालच्या मजल्यावर राहतात. बैलहोंगलकडच्या. रोज दुपारी पेज घेऊन वर यायच्या. त्या दिवशी जिन्यात थांबून म्हणाल्या, "अण्णा, हुडुगीला, पोरीला, सांगून टाका. स्वल्प विचार करा. परीक्षा काय, सहा महिन्यांनी परत देता येते." मी खेकसलो, "आमच्या घरातलं आम्हाला कळतं." बाईनं बिचारीनं "बरं, सरी, अण्णा" म्हटलं आणि पातेलं माझ्या हातात देऊन खाली गेल्या.

सोमवारी चौथा पेपर होता. साडेनऊ ते साडेबारा. वीणानं दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. अकराच्या सुमाराला तिनं मला जवळ बोलावलं.

"अहो, सिद्धीला बोलवा."

मला आधी कळलंच नाही. "काय म्हणालीस?"

"बोलवा तिला. मला बघायचंय."

"वीणा, अगं, तिचा आत्ता पेपर चाललाय. हा धरून दोनच राहिले. गुरुवारी संपले की शुक्रवारी सकाळी दारात उभी असेल बघ."

 ती म्हणाली, "फोन तरी लावा."

पेपर चालू असताना फोन कोण उचलणार? वाजून वाजून बंद होईल, हिचं समाधान होईल, अशा हिशोबानं मी लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला.

"पप्पा?"

मागे लाटा फुटत होत्या. चांगल्या मोठ्यानं.

"तू पेपरला नाहीस?"

 "दुपारी ढकललाय, पप्पा. दोनला आहे. घरी सगळं बरं आहे ना?"

वीणानं हात पुढे केला. फोन मागत होती.  मी विचार केला, तीन तासांवर पेपर आला. हिचा हा असला आवाज पोरीनं ऐकला तर सगळं संपलं. दोन महिने सांभाळलेलं एका मिनिटात मातीत जाईल. मी पाठ फिरवली आणि म्हणालो, "सगळं बरं आहे. चुकून लागला. जा, अभ्यास कर." आणि फोन बंद केला.

केसाएवढा फरक पकडणारा मी. पेपरच्या दिवशी, भर अकरा वाजता मला समुद्र ऐकू आला आणि मी तो पास करून टाकला. कारण मला तेच सोयीचं होतं.

वळलो तेव्हा वीणाचा हात चादरीवर पडला होता. ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आवाज ऐकला तिचा," ती म्हणाली. "बास झालं."

त्यानंतर ती शुद्धीवर अशी आलीच नाही. मंगळवारी सकाळी सात वाजता गेली.

सिद्धीला मी फोनवर एवढंच म्हणालो, "आई सिरीयस आहे, निघ." ती सकाळच्या बसनं निघाली आणि संध्याकाळी सहाला पोहोचली. दारातली गर्दी बघून तिला कळलं. मी तिला धरायला पुढे झालो तर मला ओलांडून आत गेली. तोंड उन्हानं काळं पडलेलं, नाकावरची सालं निघालेली. परीक्षेच्या दिवसांत खोलीत बसून अभ्यास करणारी पोरगी इतकी कशी रापली, हे माझ्या मनात आलं. पण ती वेळ नव्हती. आठच्या आत विद्युतदाहिनीतून परत आलो.

बुधवारी सकाळी घरात आम्ही दोघंच. ती आईच्या पलंगाच्या कडेवर बसली होती. समोर कॅलेंडर. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. वीणाची एवढी एक इच्छा माझ्या हातात उरली होती. ती पुरी करायची असं मी रात्रभर घोकलं होतं.

"सिद्धी, उद्या तुझा शेवटचा पेपर आहे. आत्ता निघालो तर संध्याकाळपर्यंत पोहोचू. मी येतो सोबत. आईनं ह्या पेपरांसाठी शेवटपर्यंत तुला कळू दिलं नाही. एक पेपर तिच्या नावानं देऊन ये."

तिनं कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाली, "कुठला पेपर, पप्पा?"

"पाचवा. तूच पाठवलंस ना वेळापत्रक."

"मी एकही पेपर दिला नाही. हजेरी कमी पडली. डिसेंबरातच माझं नाव यादीतून काढलं."

मला वाटलं, पोरगी दुःखानं काहीबाही बोलतेय. पण ती सरळ, सपाट आवाजात सांगत गेली. दुसऱ्या सेमिस्टरपासून वर्गातलं काही डोक्यात शिरेना. एक दिवस दांडी मारली. दुसऱ्या दिवशी जायची लाज वाटली. मग जाणंच सुटलं. पेपरच्या दिवशी मैत्रिणींबरोबर पॅड आणि पेनं घेऊन हॉस्टेलमधून निघायची, त्या कॉलेजकडे वळल्या की ही समुद्राकडे. साडेबारापर्यंत उन्हात वाळूवर बसायची. पेपर सुटायच्या वेळेला परत.

"घरी का नाही आलीस?" माझा आवाज चढला.

"आईला काय सांगणार होते? ती सगळ्या गल्लीत इंजिनीअर, इंजिनीअर करत फिरते."

माझा हात उठला होता. तो तसाच खाली आला. मला तिचा राग आला, मग माझा आला, आणि खोटं कशाला बोलू, मेलेल्या वीणाचासुद्धा आला. दोन महिने. साठ दिवस ही पोरगी मोकळी बसून होती. आईच्या उशाशी बसायला साठ दिवस मिळाले असते. मी इकडे नसलेल्या परीक्षेवर पहारा देत बसलो आणि ती तिकडे.

"आईला शेवटपर्यंत वाटत होतं मी पेपर देतेय?"

"हो. मोजत होती."

सिद्धीनं तोंड झाकून घेतलं.  मग हात काढून तिनं विचारलं, "सोमवारी फोन केलात तेव्हा आई जवळ होती?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. देवळात गेली होती म्हटलं असतं तरी तिनं ऐकून घेतलं असतं.

"होती."

"मला विचारत होती?"

"बोलवा म्हणाली. तुझ्याशी बोलायला फोन मागितला. मी दिला नाही."

ती ओरडेल म्हणून मी वाट बघितली. ओरडली नाही.

"मी रोज वाळूवर बसून तुमच्याच फोनची वाट बघायचे, पप्पा," ती म्हणाली. "तुम्हाला कुठूनतरी कळेल, तुम्ही चिडाल, आणि शिव्या देऊन म्हणाल, घरी ये. नुसतं ये म्हणाला असतात तरी मी त्या पॅडसकट बसमध्ये बसले असते."

मी खुर्चीतून दोन्ही हात पुढे केले आणि म्हणालो, "ये."

ती पलंगावरून हलली नाही.