शनिवारची दुसरी सही

रंगाच्या दुकानाचं खातं उघडतानाच वडिलांनी बँकेला सांगून ठेवलं होतं, चेकवर दोन्ही मुलांच्या सह्या असतील तरच पैसे द्या. म्हातारा पोरांना ओळखून होता. तो गेल्यावर घराच्या वाटणीवरून दोघांचं असं बिनसलं, की बायकांनीही एकमेकींचं तोंड बघणं सोडलं. थोरला दुकान सांभाळू लागला, धाकटा गावाच्या दुसऱ्या टोकाचं गोदाम. पण सहीची वाटणी काही करता आली नाही.

त्यामुळे दर शनिवारी दुपारी धाकट्याला दुकानात यावंच लागे. थोरल्याने आठवड्याचे चेक लिहून, आपली सही ठोकून गल्ल्याशेजारी ठेवलेले असायचे. धाकटा आधी चष्मा पुसायचा, मग एकेक चेक उजेडात धरून असा वाचायचा, जणू भाऊ त्याला लुबाडायलाच बसलाय. सगळा कारभार घुश्शातच चाले. पण एकदा थोरल्याच्या हातून रक्कम आकड्यांत एक पडली आणि अक्षरांत भलतीच, आणि धाकट्याने ती बरोबर पकडली.

"दादा, शाळेतही तू असाच होतास," तो म्हणाला आणि चक्क हसला.

नवा चेक लिहून होईपर्यंत चहा आला. चहाबरोबर गुडघेदुखीचा विषय निघाला, त्यातून डॉक्टरचा, डॉक्टरच्या बिलाचा, आणि बघता बघता दुकान बंद करायची वेळ झाली.

तेव्हापासून थोरला दर शनिवारी एक चेक मुद्दाम चुकवू लागला. कधी तारीख मागच्या वर्षाची, कधी टेम्पोवाल्याच्या नावात गडबड. शहाण्या माणसाने सरळ 'बस, चहा घे' म्हटलं असतं. थोरल्याला ते सात जन्मांत जमलं नसतं, त्यापेक्षा चेक फाडणं सोपं. या दुकानाला चेकबुकं पुरत कशी नाहीत, म्हणून बँकेतला कारकून डोक्याला हात लावायचा.

पुढे चेक घेणारेच कमी होत गेले. आधी रंगाच्या कंपनीने नाक मुरडलं. मग टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, चेक वटवायला माझा अर्धा दिवस जातो हो, फोनवरून टाका ना." शेवटी थोरल्याच्या मुलाने दोघांच्या फोनवर बँकेचं ॲप बसवून दिलं. थोरल्याने दुकानातून पैसे पाठवायचे, धाकट्याने बसल्या जागी मंजुरी द्यायची.

"आता काकांना हेलपाटा नको," मुलगा म्हणाला.

धाकट्याने भावाकडे पाहिलं. थोरला गल्ल्यातली चिल्लर उगाच इकडची तिकडे करत होता. "बरंच झालं," तो म्हणाला. खरं तर त्याला हे मुळीच नको होतं. पण अडून बसायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि सांगण्यासारखं कारण एकच होतं.

मग शनिवार नुसतेच येऊ लागले आणि जाऊ लागले. दुपारच्या चहाला चव राहिली नाही. एका शनिवारी थोरल्याने मनाचा हिय्या केला आणि विजेच्या बिलाचे पैसे फोनवरून मुद्दाम टेम्पोवाल्याला लावले. फोन पुढ्यात ठेवून तो भावाच्या खेकसण्याची वाट बघत बसला. मिनिटभरात उत्तर आलं: मंजूर. पुढच्या वेळी त्याने आंधळ्यालाही दिसेल अशी चूक केली, कंपनीचे पैसे ब्रशवाल्याच्या नावावर टाकले. तेही मंजूर. ते पैसे परत मिळवताना त्याच्या नाकी नऊ आले.

आता मात्र त्याचं डोकं फिरलं. बापाने उभा केलेला धंदा, आणि हा न बघता नुसतं बोट दाबतो? वाटणीनंतर ज्या घराची पायरी चढला नव्हता, त्या घराकडे तो तरातरा निघाला. काय काय सुनवायचं, ते त्याने वाटेत घोकून ठेवलं.

दार पुतणीने उघडलं. धाकटा खिडकीशी खुर्चीत बसला होता, उजवा हात उशीवर ठेवलेला. कुणीतरी तिथे आणून ठेवावा तसा. ओठाचा एक कोपरा ओघळला होता.

पुतणी हळूच म्हणाली, "काका, मंजुरी मीच देते हल्ली. बाबांना झटका आला, त्याला झाले काही महिने. अक्षरं पळतात म्हणतात. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती."

थोरला भावाच्या खुर्चीपाशी गेला. भावाच्या सहीचं वळण न् वळण त्याला पाठ होतं. कागदावर ती जराशी जरी लडखडली असती, तरी त्याच दिवशी तो धावत आला असता. फोनवरचं मंजूर धडधाकट हाताचं तसंच, लुळ्या हाताचंही तसंच. आपण त्या दिवशी 'बरंच झालं' का म्हणालो, याचं त्याला फार वाईट वाटलं.

"मीच सांगू नको म्हटलं," धाकटा एकेक शब्द जुळवत म्हणाला. "इतकी वर्षं सहीसाठी मी येत होतो. आता सहीच नाही. म्हटलं बघू, दादा माझ्यासाठी येतो का."

थोडा दम घेऊन त्याने विचारलं, "मला भेटायलाच आलास ना?"

"हो. भेटायलाच."

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डाव्या हाताने त्याने भावाचं मनगट घट्ट धरलं आणि मुलीला म्हणाला, "आईला सांग, दादा आलाय. मुद्दाम मला भेटायला आलाय."

ती आत पळाली. थोरला खुर्ची ओढून बसला. वाटेत घोकलेलं सगळं अजून त्याच्या तोंडात तसंच होतं, आणि भाऊ त्याच्याकडे बघून हसत होता.