बोटांच्या बेरजेचं बी

युगांडातल्या मसाकाच्या बाजारात दर महिन्याला बसायच्या जागांसाठी चिठ्ठ्या निघायच्या. जिची चिठ्ठी पहिली निघेल तिला फाटकाजवळची जागा, जिची शेवटी निघेल तिला संडासाच्या भिंतीलगतची. मासे विकणाऱ्या नाकिबुलेला जुळी मुलं, म्हणून सगळा बाजार तिला मानाने नालोंगो म्हणे. तिने एकदा आपली चिठ्ठी मासळीच्या बर्फात गार करून आणली आणि पातेल्यातून हाताला गार लागेल ती चिठ्ठी काढायला नणंदेला उभं केलं. ते उघडकीला आलं आणि चिठ्ठ्यांचं पातेलं कायमचं बाद झालं.

मग बायकांनी मुसिसीला धरलं. तो कॉफीच्या सहकारी संस्थेत संगणकावर काम करायचा. त्याने दोन संध्याकाळी बसून प्रोग्रॅम लिहिला. बटण दाबलं की सगळ्यांची नावं उलटीपालटी होऊन जागा ठरणार. पहिल्या महिन्यात फाटक मिळालं केळीवाल्या नामुबिरूला, संडास नालोंगोला. नशीब म्हणून नालोंगो गप्प बसली. दुसऱ्या महिन्यातही फाटक नामुबिरूला, संडास नालोंगोला. मधल्या बायकाही जागच्या हलल्या नाहीत.

"काय रे, तुझ्या यंत्राला माशांचा वास सोसत नाही का?" नालोंगो कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "की त्याला केळ्यांची चटक लागलीय?"

"तसं नाही, न्याबो..." बाईमाणसाला द्यायच्या मानाच्या हाकेने मुसिसीने सुरुवात केली.

"मग कसं? एकटा जीव तू, आणि दर आठवड्याला केळ्यांचा अख्खा घड नेतोस! खातोस की पुरतोस?"

बायका फिदीफिदी हसल्या. मुसिसीच्या कानांच्या पाळ्या तापल्या, कारण घड तो नामुबिरूची मुलगी नाकायिझा हिच्यासाठीच घ्यायचा. ती घड उचलून त्याच्या हातात द्यायची, तेवढ्यासाठी. अजून तिच्याशी चार शब्द बोलायचा धीर काही त्याला झाला नव्हता.

त्याने संगणक उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"चूक माझीच. यंत्राला नशीब कळत नाही, न्याबो. त्याला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्यावर ते गणितं करत जातं. त्या आकड्याला आमच्यात बी म्हणतात. तेच बी दिलं की तीच नावं त्याच क्रमाने येतात. तपासून बघायला सोपं जावं म्हणून मी सात टाकला होता, तो काढायचा राहून गेला."

"बी तू पेरणार आणि पीक तिच्या दारात!" नालोंगो म्हणाली.

"आता घड्याळातली वेळ घेऊ. दर क्षणी नवा आकडा."

"बटण कोण दाबणार?"

"मी."

"झालंच मग! क्षण तूच साधणार! पातेल्यातला बर्फ बरा होता."

"तुला बरा असणारच," मागून कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला.

शेवटी असं ठरलं, की प्रत्येकीने एक आकडा सांगायचा आणि सगळ्यांची बेरीज हेच बी. मुसिसी खूश झाला. तेवढ्यात नाकायिझा पुढे येऊन त्याला म्हणाली,

"जी शेवटी बोलेल तिला बाकीच्यांची बेरीज ठाऊक असणार. कुठल्या बेरजेला फाटक मिळतं हे तुम्ही आधी यंत्रावर बघून तिच्या कानात सांगितलंत, की संपलं. आणि लोक नाव घेतील माझ्या आईचं."

हे मुसिसीला सुचायला हवं होतं.

"मग?" तो कसाबसा म्हणाला.

"सगळ्यांनी एकदम बोटं वर करायची."

एक, दोन, तीन म्हणताच अख्ख्या बाजाराने हात वर केले. नालोंगोने दहा बोटं दाखवली आणि जुळ्यांच्या वाटची आणखी वीस मोजा म्हणून हटून बसली. रताळीवाल्या म्हातारीचं एक बोट कोयत्याने अर्ध्यावर तुटलेलं, ते धरायचं की सोडायचं यावर एवढं रणकंदन माजलं की दोन कोंबड्या सुटून पळाल्या. अखेर अर्धं बोट पूर्ण धरलं आणि जुळ्यांना वगळलं. बेरीज सगळ्यांसमोर तीनदा झाली. बटण म्हातारीने दाबलं.

फाटक गेलं मीठवालीला. नामुबिरू पार मागच्या कोपऱ्यात. आणि संडासाच्या भिंतीलगत, पुन्हा, नालोंगो!

नालोंगोने आपली दहाही बोटं डोळ्यांसमोर धरली. मग एवढ्या मोठ्याने हसली की समोरच्या टोपलीवरच्या माशा उडाल्या.

"आता कुणाला शिव्या घालू? माझीच मेली बोटं!" म्हणत तिने टोपली डोक्यावर घेतली.

नामुबिरूला मात्र हसू येत नव्हतं. फाटकापाशी केळ्यांच्या घडांचा ढीग पडला होता आणि मागचा कोपरा लांब होता.

"आईचं फाटक गेलं," नाकायिझा मुसिसीला म्हणाली. "घड कोण नेणार आता?"

मुसिसीने बाह्या सरसावल्या. दुपारपर्यंत त्याच्या शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग पडले होते, ते पुढे कधी निघाले नाहीत. पण प्रत्येक खेपेला नाकायिझा बरोबर चालत होती आणि संगणकाबद्दल एकेक प्रश्न विचारत होती. चौथ्या खेपेला मुसिसी उत्तरं द्यायला शिकला. सहाव्या खेपेला घड संपले, तेव्हा त्याला फार वाईट वाटलं.