खिडकीतली खुर्ची

"आबा, हाई ठेवनं का टाकनं?"

दीपकने हातातला डबा बापापुढे धरला. मग चूक लक्षात येऊन डबा खाली घेतला आणि तोच प्रश्न ओठ नीट हलवून पुन्हा विचारला. तोंडाआड काही आलं की धुडकूला बोलणं कळत नसे. चौतीस वर्षं लूमवर काढल्यावर त्याच्या कानांनी केव्हाच राम म्हटला होता. आता तो माणसाचे ओठ वाचायचा, तेही आपल्या अहिराणीत. गुजराती ओठ त्याला अर्धेच कळत आणि नातवंडांचे तर मुळीच नाहीत.

डब्यात लूमचे झिजलेले धोटे होते. एकालाही धड टोक राहिलं नव्हतं.

"ठेव," धुडकू म्हणाला.

"सगळा तुटेल शेतस."

"ऱ्हाऊ दे."

रविवारचे अकरा वाजले होते. दीपक सकाळी सातला गोडादऱ्याच्या आपल्या घरून आला होता तो तीन ढीग करायचे ठरवून: न्यायचं, वाटायचं, भंगारात द्यायचं. चार तासांत फक्त पहिला ढीग वाढला होता. चार स्टोव्ह, त्यातला एकही पेटणारा नव्हता. नातेवाइकांच्या लग्नांत मिळालेली भांडी, प्रत्येकावर कुणाचं तरी नाव कोरलेलं. दीपकची फुटकी पाटी. लूमच्या खात्यातून, कारखान्यातून आणलेल्या साड्यांच्या तुकड्यांच्या अकरा गोधड्या, सगळ्या बायकोने, लीलाने शिवलेल्या, इतक्या गुळगुळीत की रात्री अंगावर घेतल्या तर सकाळी खाली सापडायच्या. लीलाला काही टाकवत नसे, आणि आता ती गेल्यावर धुडकूला टाकवत नव्हतं.

खोली लूमच्या खात्यावर होती. खाली चोवीस लूम आणि वर लाकडी पाट्यांची जमीन. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साली अख्खी गल्ली गाठोडी बांधून खानदेशात पळाली, तेव्हाही ही दोघं इथून हलली नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी शेठने लूम कडोदऱ्याला हलवले. जागेला गिऱ्हाईक मिळेपर्यंत धुडकाका, खुशाल राहा, असं तो म्हणाला होता. त्यामुळे धुडकूवर कुणाची जबरदस्ती नव्हती. पोराकडे राहायला जायचं की नाही, हे त्याने ठरवायचं होतं, आणि तो ठरवत नव्हता.

"पन काब नही येतस तुम्ही?" दीपक शेवटी खाली बसला. "आई जाईसन दहा महिना व्हयनात. एकला कसा ऱ्हाशात?"

"तठे फरशी शे."

"चटई टाकी देसूत."

धुडकूने मान फिरवली. पोराला कसं सांगणार? लीला त्याला हाक मारत नसे, ती जमिनीवर पाय आपटायची. दोनदा आपटला की चहा नाहीतर जेवण, तीनदा आपटला की दारात कुणीतरी आलंय. खालच्या चोवीस लूमांच्या थरथरीतूनही तिचा पाय त्याला तळव्यांत बरोबर लागायचा. आता लूमही गेले होते. जमीन अगदी शांत होती, आणि सकाळी सातच्या सुमारास त्याला अजून दोन दणके लागल्यासारखे वाटायचे. भास आहे हे त्याला समजत होतं. पण गोडादऱ्याच्या फरशीवर तो भासही होणार नव्हता.

दीपक सामानासाठी आणलेल्या टेम्पोवाल्याला थांबायला सांगायला खाली उतरला. तेवढ्यात शेजारच्या सरलाबाई चहा घेऊन आल्या. त्यांची आणि याची खोली एकच होती म्हणा ना, मध्ये फक्त पत्र्याचं पार्टिशन. कप हातात देऊन त्या धुडकूसमोर उकिडव्या बसल्या. त्याच्याशी समोर बसून बोलायचं असतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"जाशात तं सुनं सुनं लागी, भाऊ," त्या म्हणाल्या.

"आते काय सुनं लागी? मी काय बोलस? आनि लीला तं पयलेपाईनच अबोल."

हे तो नेहमी सांगायचा, थोडं मिरवूनच सांगायचा. इतरांच्या बायका कटकट करतात, आपली मात्र पाय आपटते आणि गप्प बसते.

सरलाबाई हसल्या. "अबोल? लीलाबाई? काय बी सांगतस, भाऊ. दिनभर तोंड चाले तिनं. लूमना आवाजमा जोरमा बोले, भिंतमाईन सगळं आयकू ये माले."

"कोनसंगे बोले?"

"तुमनासंगे."

धुडकूला वाटलं, ओठ वाचण्यात चूक झाली. त्याने पुन्हा सांगायला लावलं. सरलाबाईंनी खिडकीतल्या लोखंडी खुर्चीकडे बोट दाखवलं.

"तठे बसेत ना तुम्ही. तुमनी पाठसंगे बोले ती."

बारा तास खात्यात माणसांचे ओठ वाचून डोळे शिणायचे. म्हणून वर आलं की तो खुर्चीवर बसायचा, खिडकीकडे तोंड आणि घराकडे पाठ करून. तेवढाच त्याचा आराम होता. पाठीमागे काही चाललं असेल, हे त्याच्या कधी मनात आलं नाही.

"काय बोले?" त्याने विचारलं.

"काय बी. वांगाना भाव. दीपकनी बायको पोटुशी शे, आते पोऱ्या व्हई का पोर. गावले जावानं." सरलाबाई आठवून आठवून सांगत होत्या. त्यांना सांगताना बरं वाटत होतं आणि तो इतका एकटक ऐकत होता की त्या थांबल्याच नाहीत. "आनि मंग ते दुखनं. दोन महिना रोज सांगे. 'दीपकना बाप, छातीमा दुखस हो, डाव्या हातमा उतरस.' मी म्हनं, चाला, सांगी तं ऱ्हायनी. भाऊ ली जातीन दवाखानामा."

त्यांनी त्याचा चेहरा पाहिला. पदर तोंडावर गेला आणि ओठ झाकले गेले.

धुडकूने हात पुढे करून तो पदर हळूच खाली घेतला. सरलाबाईंच्या अंगाला त्याने आजवर कधी हात लावला नव्हता.

"तोंडवर काब नही सांगं?"

"मी बोलनू तिले एकदाव. ती म्हने, बारा तास लोकेसना ओठ वाचीसन येतस, त्यासना डोया दुखतस. जास्ती व्हयनं तं सांगसू." सरलाबाई रडू लागल्या. "माले वाटनं, तुमले मालूम शे, भाऊ. ती तुमले सांगे ना."

लीला गेली त्या दिवशी सकाळी रातपाळी संपवून तो खुर्चीत बसला होता. तळव्यांना दणका लागला. एकच. चहाचे दोन असतात म्हणून तो दुसऱ्याची वाट पाहत खिडकीबाहेर बघत राहिला. किती वेळ, ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं होतं, आधी कधी दुखायचं का. धुडकूने छातीठोक सांगितलं होतं, कधीच नाही, दुखलं असतं तर ती मला बोलली असती.

ती बोलली होती. रोज बोलली होती.

दीपक वर आला तेव्हा बाप खुर्चीमागे उभा होता, चुलीच्या बाजूला, जिथे लीला उभी राहायची तिथे. तिथून खुर्चीची पाठ दिसत होती, आणि खिडकीच्या चौकटीवर तेलकट डोकं टेकून पडलेला डाग. तो बराच वेळ तेवढंच पाहत राहिला. मग बाहीने डोळे पुसून म्हणाला, "चाल. बलाव टेम्पोवालाले."

"आनि हाई सगळं?"

"सरलाबाईले इचार. तिले जे लागी ते दी टाक. बाकीनं भंगारमा." मग दाराकडे वळून तो म्हणाला, "गोधड्या ले. आनि खुर्ची."

चौतीस वर्षांचं घर दीड तासात रिकामं झालं. स्टोव्ह, भांडी, धोटे, कशालाही त्याने पुन्हा हात लावला नाही.

गोडादऱ्याला शीतलने सासऱ्यासाठी पुढची खोली पुसून ठेवली होती. दीपकला बापाची सवय माहीत होती. त्याने खुर्ची खिडकीजवळ नेली आणि बाहेरचा रस्ता दिसेल अशी लावून दिली.

संध्याकाळी शीतल स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. धुडकू उठला. त्याने खुर्ची उचलली आणि स्वयंपाकघराच्या दारासमोर आणून फिरवून ठेवली. खिडकी पाठीमागे गेली. तो बसला.

सुनेचे ओठ हलत होते. पिठाशी, तव्याशी, कुणाशी तरी तिचं चाललं होतं. तिची नजर वर गेली, सासरा आपल्याकडे बघतोय हे दिसलं, आणि ती थांबली. पिठाच्या हाताने तिने पदर सारखा केला.

"काय जोयजे, आबा?"

"काही नही. तू बोली ऱ्हायंती ते बोल."

"मी तं असंच. पीठ सैल व्हयनं, ते."

"तेच बोल," धुडकू म्हणाला.

शीतलला हसावं की काय करावं कळेना. तिने भाकरी तव्यावर टाकली, त्याच्याकडे तोंड केलं आणि गिरणीवाल्याने पीठ कसं जाड दळलं ते सांगू लागली. लूमवर तुटणाऱ्या धाग्याकडे बघायचा तसा तो पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तिच्या ओठांकडे बघत होता. डोळ्यांना पाणी येत होतं, पण ते त्याने मिटले नाहीत.