अभिमन्यूचं तोंड

हंबीररावांनी बशीतला चहा फुंकून संपवला, बशी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "अवंदा अभिमन्यू करायचा, आकारामदादा. चक्रव्यूहातला. आनि त्याला तोंड आपल्या निवासचं द्यायचं."

आमचे हे बेंदराच्या सणाच्या मातीच्या बैलाचं वशिंड थापत बसले होते. थापतच राहिले. देवानं या माणसाला हात दिले आणि जीभ द्यायची राहून गेली, हे मी लग्न होऊन या घरात आले त्याच वर्षी ओळखलं होतं. हंबीरराव आमच्या वरच्या तालमीचे वस्ताद. तालमीच्या गणपतीपुढे मातीचा कोणता देखावा करायचा ते दर वर्षी आमच्या ओट्यावर चहा पिता पिताच ठरायचं, म्हणून त्यांना घाई नव्हती. अभिमन्यूला घेरून जे उभे राहणार होते, त्यांचीही तोंडं त्यांनी ठरवून आणली होती. सगळे खालच्या तालमीचे. जयद्रथ म्हणजे दिनकर, खालच्या गल्लीतल्या शालूबाईचा थोरला, जो आता कळंब्याच्या तुरुंगात होता. गावाला कळू दे तुमच्या पोराला कुणी मारलं ते, असं त्यांचं म्हणणं.

"मी तोंडं करायची सोडल्यात," हे म्हणाले.

"करतील," मी आतून म्हणाले.

मला कुणी विचारलं नव्हतं. हंबीररावांनी वाकून आत बघितलं, मान डोलावली आणि पायताण घालून चालते झाले. ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातातल्या बैलाचं शिंग मात्र वाकडं झालं.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्या तोंडात? तर ऐका. कुंभार गल्लीत बैल सगळेच करतात, गणपतीही करतात. पण तोंड करावं ते आमच्या ह्यांनीच. एकदा माणूस बघितला की तो ह्यांच्या बोटांत उतरायचा. एका वर्षी पूतनेला गल्लीतल्या दूधवालीचं तोंड दिलं होतं. बाई आठवडाभर दारात येऊन भांडली, आणि मग माहेरची माणसं गाडीत घालून देखावा दाखवायला घेऊन आली. कंसाचा पहारेकरी म्हणजे आमचा पोस्टमन. लोक गणपतीच्या पाया कमी पडायचे आणि कोण कोण झालंय ते आधी शोधायचे. निवास तिथंच उभा राहून येईल त्याला सांगायचा, माझ्या बाबांनी केलंय.

आदल्या वर्षी, दुष्काळ सरला त्या साली, महिषासुर होता. तालमीतल्या लोकांनी ह्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ह्यांनी महिषासुराला खालच्या तालमीच्या वस्तादांचं तोंड दिलं. मुडपलेला कान, आखूड मान, बाहेर आलेला खालचा ओठ, काही म्हणून सोडलं नाही. सगळी पेठ हसायला लोटली. ते वस्तादही येऊन बघून गेले. ते हसले नाहीत. मी तेव्हाच म्हटलं होतं, अहो, जिवंत माणसाला देवीच्या पायाखाली घालू नये. हे म्हणाले, चेष्टा आहे गं, वर्षाचा सण आहे.

गणपती करायला गेले आणि मारुती झाला. विसर्जनाच्या मिरवणुकीत तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, दोन्ही तालमी समोरासमोर आल्या. कुणीतरी महिषासुराच्या तोंडावर दगड घातला. मग कुणाच्या हातात काय होतं ते कुणालाच सांगता येईना. निवास देखाव्याच्या गाडीवर उभा होता, बापाच्या मूर्तीला हातानं आडोसा करून. दिनकरची काठी त्याच्या डोक्यात बसली. दवाखान्यात पोचेपर्यंतही माझं लेकरू राहिलं नाही. मिसरूड नुकतं फुटलं होतं हो त्याला.

त्या दिवसापासून ह्यांनी तोंड केलं नाही. चुली केल्या, पणत्या केल्या, बैल केले. गणपतीसुद्धा करायला घेतले नाहीत. एकदा गल्लीतल्या लहानग्या पोरीला बाहुली पाहिजे होती, तर तिला डोकं नसलेली बाहुली दिली. ती रडत घरी गेली.

आणि मी? माझं दुखणं निराळंच होतं. मला निवासचं तोंड आठवेनासं झालं होतं. आईनं असं बोलू नये, पण खरं ते खरं. डोळे मिटले की आधी कपाळ यायचं, मग भुवया, मग नाक. हनुवटीपर्यंत येता येता वरचं सगळं पुसून जायचं. घरात फोटो एकच, शाळेतला, आणि त्यात हा शेजारच्या पोराशी बोलायला वळलेला. एक कान आणि गालाचा तुकडा. तो कान मी इतक्या वेळा बघितला होता की आता तो कुणाचाही वाटायचा. म्हणून मी आतून 'करतील' म्हणाले. अभिमन्यू होऊ दे नाहीतर आणखी कोण, मला माझं पोरगं एकदा समोरून बघायचं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना आमचं वाजलं. मी म्हटलं, मला त्याला बघायचंय. त्यांनी विचारलं, आणि बाकीची तोंडं? मी म्हटलं, तीही करा, मारलं ना त्यांनी?

ह्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "अंबू, म्हैशासुराला तोंड दिलं ते मी हासत दिलं. हासत दिलं तर आपलं पोरगं गेलं. आता रागानं देऊ? कुनाकुनाची जातील गं?"

"जाऊ द्यात," मी म्हणाले. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी माती मळायची बंद केली. आमच्यात माती बाई मळते आणि आकार बाप्या देतो. बेंदूर तोंडावर आलेला, सासूच्या वेळेपासून ठरलेल्या घरांना बैलजोड्या पोचवायच्या, आणि मी भिंतीला टेकून बसले. बघू म्हटलं कुठवर चालतंय. ह्यांनी स्वतः मळायला घेतली. मळणार काय डोंबल! खडे तसेच, गाठी तशाच. बैल वाळायला ठेवले तर पाय तडकले. शेजारणी येऊन मला सांगू लागल्या, की अंबूबाई, सणाचं असं अडवू नये. मी म्हटलं, ज्याचं जळतं त्याला कळतं.

आणि एका दुपारी हे माझ्यासमोर येऊन बसले. दार लोटून घेतलं.

"मळ," म्हणाले. "तोंडाची मळ. लोन्यावानी."

मी मळली. अशी माती मी आयुष्यात मळली नसेन. ह्यांनी पाटावर गोळा घेतला, मान काढली, कवटी काढली, आणि थांबले. बोटं मातीवर तशीच. मला कळेना काय झालं. मग दिसलं, की हे रडत होते. मिरवणुकीच्या दिवशी ह्यांनीच त्याला उचलून आणलं होतं. ह्यांना ते शेवटचंच तोंड दिसत होतं, रक्तानं भरलेलं. पोस्टमन बोटांत येत होता, दूधवाली येत होती, पोटचं पोरगं येत नव्हतं.

"तू सांग," म्हणाले.

मला तरी कुठं आठवत होतं? पण मी हात पुढे केला आणि हाताला आठवलं. तान्हा असताना रोज तेल लावून त्याचं नाक मी ओढलं होतं, डोकं मी दाबून दाबून गोल केलं होतं. आमच्या घरात सगळी तोंडं ह्यांनी केली, पण हे एक तोंड आधी माझ्या हातचं होतं. मी मातीच्या नाकावरून अंगठा फिरवला. जरा बसकं, म्हटलं, माझ्या बापावर गेलेलं. डावी भुवई मध्ये तुटलेली, विटी लागली होती ती. मी सांगत गेले, दाबत गेले, आणि माझ्या बोटांमागून ह्यांची बोटं फिरत गेली. हनुवटीला मात्र आम्ही दोघंही अडलो. मी डोळे मिटले, तळवा वाटीसारखा केला, जसा त्याला पाणी पाजताना हनुवटीखाली धरायचे तसा, आणि म्हटलं, एवढी. ह्यांनी माझ्या तळव्यात बसेल एवढी हनुवटी केली.

मी डोळे उघडले तर निवास माझ्याकडे बघत होता. काहीतरी मागायला आल्यासारखा. जेवायला वाढ म्हणेल, असा.

मी किती रडले ते विचारू नका.

ह्यांनी हात धुतले. "हे तुझ्यासाठी केलंय," म्हणाले. "हंबीररावाला द्यायचं तर तू दे. माझा हात हितंवरच."

त्या तोंडाला मी ओल्या फडक्यात ठेवलं. वाळलं तर तडकेल म्हणून उठता बसता पाणी शिंपडायचे. घरात कुणी नसलं की फडकं काढून त्याच्याशी बोलायचे. भाजी काय केली, कुणाची म्हैस व्याली, असलंच काहीबाही. बैलांची मातीही पुन्हा मळू लागले. खरं सांगू? इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा भूक लागली.

बेंदराच्या दोन दिवस आधी हंबीरराव आले. हे नदीला माती आणायला गेले होते. मी फडकं काढलं. एवढा डोंगराएवढा गडी, त्यानं डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला आणि पाटासमोर खाली बसला. निवासला त्यांनीच लहानपणी पहिल्यांदा तालमीच्या मातीत उतरवलं होतं. मग डोळे पुसून म्हणाले, "वैनी, हे तोंड बगून आपल्या तालमीचं एक पोरगं घरात बसनार न्हाय."

ते मला मोठेपणा द्यायला बोलले. मला तसंच वाटलंही, क्षणभर. मग ते बाकीची तोंडं मोजू लागले. दिनकरच्या शेजारी त्याचा धाकटा भाऊ शिवा उभा करायचा, म्हणाले.

शिवा निवासच्या बरोबरीचा. आमच्या चुलीपुढं बसून भाकरी खाल्लेला. आणि मिरवणुकीच्या दिवशी तो तापानं फणफणून घरात पडला होता, सगळ्या पेठेला माहीत होतं. मी तसं म्हटलं.

"असू दे की," हंबीरराव म्हणाले. "रगात एकच."

मी फडकं परत झाकलं. उद्या या म्हटलं. ते गेले.

मग मी निवाससमोर बसले. तो तसाच बघत होता, काहीतरी मागायला आल्यासारखा. मला शालूबाईचं घर दिसू लागलं. थोरला तुरुंगात, आणि धाकट्याला कुणीतरी दारातून ओढून काढतंय, आणि का, तर माझ्या पोराचं तोंड बघून. माझ्या पोराचं, ज्यानं कधी मांजर मारलं नाही. आणि मग शालूबाईही डोळे मिटून बसेल, आधी कपाळ, मग भुवया, मग नाक. मला तिचा राग होता, आजही आहे. पण ते दुखणं वैऱ्यालाही नको.

दार लावून ठेवायचं म्हटलं तर आमच्या दाराला कडी कसली? तालमीची माणसं हक्काची, उचलून नेतील. मी घागर घेतली. आधी पायावर पाणी घालावं, तर त्याला पाय नव्हते. मग कपाळावर घातलं, तान्हेपणी घालायचे तसं, डोळ्यांत जाऊ नये म्हणून तळवा आडवा धरून. मग मळायला घेतलं. भुवई गेली, नाक गेलं. हनुवटी शेवटपर्यंत माझ्या तळव्यात होती.

हे मातीचं घमेलं घेऊन दारात कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही. मला वाटलं, ओरडतील. घमेलं खाली ठेवलं आणि माझ्या शेजारी बसले.

"हनुवटी बराबर झालती न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले. "बराबर झालती."

मग त्यांनी माझ्या हातातला गोळा घेतला आणि त्याची बैलजोडी करायला बसले. बैल काय, ह्यांना डोळे झाकून येतात. पण त्या जोडीला त्यांनी दिवस मावळेपर्यंत सोडलं नाही. नाकपुड्या काढल्या, पापण्या काढल्या. दुसऱ्या दिवशी हंबीरराव आले, रिकामा पाट बघितला, तोंडाला येईल ते बोलले. हे वशिंड थापत राहिले. तालमीनं त्या साली इचलकरंजीहून कारागीर आणला आणि साधा कालियामर्दन केला. हंबीरराव परत आमच्या ओट्यावर चहाला बसले नाहीत.

बेंदराच्या सकाळी पाटीत जोड्या घालून मी घरोघर निघाले. शालूबाईचं घर ठरलेल्यांतलंच, पण या वर्षी तिथं कोण जाणार, असं सगळी गल्ली धरून चालली होती. तीही. मी दारात उभी राहिले तर ती चुलीपासून उठेना. शिवा आतल्या दारात आला, मला बघितलं आणि मागं सरला. गालफडं बसली होती पोराची.

"बैल आनल्यात," मी म्हणाले.

ती उठली. सुपात जोंधळे घातले, हळदकुंकवाची वाटी घेतली. उंबऱ्याशी येता येता निम्मे जोंधळे सांडले. मी पाटीतून ती जोडी काढली, इतर सगळ्या जोड्यांपासून कडेला वेगळी ठेवलेली. तिनं बैलांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि बघतच राहिली.

"आकारामदादांनी तोंड लई साजरं केलंय गं, अवंदा," म्हणाली, आणि जोडी घ्यायला हात पुढं केले.

मला जोडी सोडवेना. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिचा हात धरून तळवा वाटीसारखा केला आणि बैल त्यात ठेवला.

"दमानं धरा, शालूबाई," मी म्हणाले. "वलं हाय अजून."